तुम्ही यंत्र घेऊन गेलात, मूठ इथेच राहिली

प्रति,
लकव्यानंतरच्या हातासाठी रोबो बनवणारे अभियंते आणि त्यांचे प्राध्यापक,
तसेच या संशोधनाला पैसा देणारे केंद्र व राज्य सरकारचे विभाग

स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टॉवेलच्या मागांवर ३१ वर्षं जॉबर आहे. धोटा अडकला, फणीपाशी धागे तुटायला लागले, पट्टा सरकला की मला हाक मारतात. माझी बायको विड्या वळायची. दिवसाला सात-आठशे, सणाच्या आधी हजार. २०२३ च्या डिसेंबरात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पंधरा दिवसांवर आलेली असताना, सकाळी तिच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. हाताला मुंग्या आल्यात म्हणाली आणि आडवी झाली. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं, ते आम्हाला दुपारी कळलं. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्यानंतर कळलं. ती चूक आमची. तिच्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

पाय चार महिन्यांत काठीवर आला. बोलणंही परतलं. उजवा हात राहिला. तो लुळा पडून राहिला असता तर निराळं, पण तो हळूहळू घट्ट मिटत गेला. अंगठा आत, त्यावर चार बोटं, मनगट खाली वाकलेलं. तळहात धुवायचा तर मला तिची मूठ सोडवावी लागते, आणि ती ओढून सुटत नाही. आधी मनगट अजून थोडं खाली वाकवायचं, मग अंगठ्याच्या मुळाशी धरून तो बाहेर काढायचा, मग एकेक बोट. हे मला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलं. तिला मोठी जांभई आली की तोच हात आपोआप वर उचलला जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला वाटलं, आला हात. मॅडम म्हणाल्या, हे लकव्याच्या रुग्णांत दिसतं, पण ते तिच्या मनाने होत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एका संस्थेची मंडळी हातमोज्यासारखं हातात घालायचं यंत्र घेऊन शहरात आली. संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण एका संस्थेशी नाही. सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एकूण अठरा खेपा. आम्ही एकही चुकवली नाही. रिक्षाला येऊन-जाऊन २४० रुपये लागायचे, त्या दिवसाची माझी पाळी बुडायची. शेवटच्या दिवशी संस्थेच्या मुलांनी वायरी गुंडाळल्या, यंत्र काळ्या पेटीत ठेवलं, तिच्या हाताचे फोटो काढले, पेढे दिले आणि गेली. वाईट मुलं नव्हती. एकाने तर निघताना तिच्या पाया पडून आशीर्वाद घेतला.

गेल्या महिन्यात मुलीने मोबाइलवर एक बातमी दाखवली. प्रयोग यशस्वी, आता दुसरा टप्पा. बातमीच्या फोटोत तिचा हात होता. मनगटावरच्या तुळशीच्या गोंदणावरून ओळखला. मी त्यांना फोन केला. उत्तर मिळालं, की पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांना दुसऱ्या टप्प्यात घेता येत नाही, त्याने निष्कर्ष बिघडतात.

अभ्यासाच्या नियमाने ते बरोबर असेल. मला ते मान्य नाही, आणि गप्प बसणं जमत नाही म्हणून हे पत्र.

त्या सहा आठवड्यांत काय झालं ते आधी सांगतो, कारण मी यंत्रांच्या विरोधात नाही. उलट माझ्याइतकं त्या यंत्राकडे बारकाईने कुणी पाहिलं नसेल. पहिले दोन आठवडे यंत्र स्वतःच बोटं उघडायचं आणि मिटायचं. ती खिडकीबाहेर बघत बसायची. हात हलत होता, पण ती त्यात नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी पद्धत बदलायला लावली. कोपराखाली चिकटवलेल्या सेन्सरला स्नायूची बारीकशी हालचाल कळली तरच मोटर चालायची, नाहीतर यंत्र थांबून राहायचं. त्या दिवसापासून तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला. बोट उघडायचा प्रयत्न तिने करायचा, अपुरं पडेल तेवढंच यंत्राने भरून काढायचं. पाचव्या आठवड्यात, हातमोजा काढल्यावर, तर्जनी आणि मधलं बोट बोटभर उघडलं. ती म्हणाली, “अहो, बघा की. हे मी हलवलं. यंत्रानं न्हाई.”

त्यानंतर पाच खेपा राहिल्या होत्या. पुढच्या संक्रांतीपर्यंत ती दोन्ही बोटं पुन्हा मिटली.

माझी धाकटी मुलगी कॉलेजात आहे. तिने इंग्रजीतले लेख वाचून मला मराठीत सांगितले, म्हणून आता थोडं समजतं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग काम शिकून घेतो, आणि तो शिकतो वारंवार केल्याने. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असा बदल दिसला तो एकेका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल करून. अमेरिकेत कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९ मध्ये नेहमीच्या उपचारात रुग्ण प्रत्यक्ष किती वेळा हात कामाला लावतो ते मोजलं, तर एका बैठकीत सरासरी ३२ वेळा. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभरेक वेळा धोटा फेकतो. थेरपिस्टच्या दोन हातांनी रोज शेकड्याचा आकडा गाठणं अवघड, त्यात त्यांचा काही दोष नाही. यंत्राने ते गाठता येतं. मी मोजत होतो. चांगल्या दिवशी तिची मूठ २१० वेळा उघडली.

दुसरं असं, की चांगला हात मोज्यात अडकवून ठेवायचा आणि दुखऱ्या हाताकडून काम करून घ्यायचं, अशी एक उपचारपद्धत आहे. २२२ रुग्णांवरचा तिचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फायदा दिसला. पण त्यात शिरायलाच मनगट आणि बोटं निदान १० अंशांनी आपल्या आपण उघडावी लागतात. ज्यांची मूठ गच्च आहे त्यांना दारातच थांबवलं जातं. यंत्राची खरी गरज या लोकांना आहे. तिच्यासारख्यांना.

आणि यंत्र म्हणजे चमत्कार नव्हे, हेही आम्ही वाचलं. अमेरिकेतल्या एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी हाताच्या व्यायामाचा रोबो बनवला त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्याच यंत्रांवर ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला : नेहमीच्या उपचारापेक्षा रोजच्या वापरात हात जास्त सुधारला नाही. एवढा मोठा नकार त्यांनी सरळ छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. यंत्रापुढे बसून जे जमतं ते चुलीपुढे, नळावर जमत नसेल तर कमी काय पडलं, हे शोधायला हवं. माझं मत असं, की कमी पडलं ते घर.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी म्हणजे तुमचा हातमोजा मिटलेल्या मुठीत जात नाही. मागाचे बिघाड लिहायच्या वहीत मी रोजची वेळ लिहिली आहे. घालायला ११ मिनिटं, काढायला ४. चाळीस मिनिटांची बैठक, त्यातली पंचवीस कामाची. तेही मी मनगट धरलेलं आणि मॅडम एकेक बोट कप्प्यात सरकवताहेत, अशा दोन माणसांच्या चार हातांनी. रुग्णाकडे एकच हात असतो आणि तो पुष्कळदा डावा. जॉबर म्हणून सांगतो, जो माग लावण्यातच एवढा वेळ खातो तो कोपऱ्यात जातो. तुम्ही मोटरचा जोर, पडद्यावरचा आलेख, संगणकाचं डोकं यावर वर्षं घालवलीत. हे सगळं हातमोजा चढल्यानंतरचं. त्याआधीची ११ मिनिटं कुणाच्या आराखड्यात आहेत? हातमोजाच का हवा, बोटांच्या मागच्या बाजूने उघडी चौकट बसवून वरून पट्टी का नको, किंवा धरायची मूठ बदलता येईल असा टेबलावरचा ठोकळा का नको, हे मी त्या मुलांना विचारलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. हाताच्या यंत्रात हात घालणं हेच मुख्य काम आहे, असं धरून आराखड्याची सुरुवात व्हायला हवी.

बांगड्यांबद्दल लिहिताना मला त्रास होतो. पहिल्या दिवशी मनगटाचा पट्टा बांगड्यांवर बसेना. सुजलेल्या हातातून त्या साबण लावूनही निघेनात. एक वाढवावी लागली. सत्तावीस वर्षांत तिने हात मोकळा ठेवला नव्हता. ती काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत रिक्षात पदर डोळ्याला होता. हे कुणी मुद्दाम केलं नाही. पट्टा आखताना ज्याचा हात समोर होता त्या हातात बांगड्या नव्हत्या, एवढंच. हातमोज्याचे तीन आकार आणले होते, त्यातला सर्वांत लहानही तिला मोठा. विडी वळणाऱ्या बाईची बोटं बारीक असतात. टोकं पोकळ राहायची आणि मोटर ओढायची ती कापडाला, बोटाला नाही.

सोलापूरचा उन्हाळाही कुणी धरला नव्हता. पावसाळ्यातल्या उकाड्यातसुद्धा सेन्सरच्या पट्ट्या घामाने सुटत होत्या. मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, पत्र्याच्या खोलीत काय होईल? वीज गेली की अर्ध्या उघडलेल्या बोटांचं काय होतं, हे मी विचारलं तेव्हा एकमेकांकडे बघणं झालं. मागाला हाताने सोडवायची सोय असते. तुमच्या यंत्राला ती असायलाच हवी. सूचना इंग्रजीत होत्या. पूर्व भागात अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात, बाकीच्यांत मराठी, कन्नड, उर्दू.

आणि पडद्यावरचं सफरचंद. मूठ उघडली की सफरचंद टोपलीत पडतं. लहान मुलांना आवडेल. तिला काय हवं आहे, हे अठरा खेपांत कुणी विचारलं नाही. मी विचारलं होतं. तिने तीन गोष्टी सांगितल्या : पातळाच्या निऱ्या, भाकरी, पान. भिजवलेलं तेंदूचं पान अंगठा आणि तर्जनीत धरायचं, कात्रीने पत्र्याच्या मापाने कापायचं, तंबाखू पसरायची, वळताना दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा, मग तोंड मुडपून दोरा. या कामाला बाटली धरण्याची पकड लागत नाही, चिमटीची पकड लागते. भाकरीला तर उलटंच, तळवा पूर्ण सपाट. तुमच्या यंत्राने सगळ्यांना एकच पकड शिकवली, गोल वस्तू धरायची. हातात २७ हाडं आहेत आणि अंगठा बाकीच्या चारांपेक्षा वेगळ्या दिशेने फिरतो. अंगठा नुसता बाहेर बांधून ठेवून चार बोटं एकत्र ओढणं हे बनवायला सोपं आहे, म्हणून तसं झालं असावं. पण तिचं सगळं कसब त्या अंगठ्यात होतं.

दुरुस्तीचं थोडक्यात. चौथ्या आठवड्यात एक केबल आवरणातून सुटली. सायकलच्या ब्रेकला असते तशीच. दहा मिनिटांचं काम. पेटीला सील होतं, तीन दिवस माणूस येईपर्यंत यंत्र बंद. ज्या शहरात गल्लोगल्ली लेथ आहे, जिथे मागाचे निम्मे सुटे भाग आम्ही इथेच घडवून घेतो, तिथे.

आणि शेवटची तक्रार, जी सगळ्यांत जड आहे. संमतीच्या कागदावर तिने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. यंत्र वापरताना काय त्रास होऊ शकतो ते त्यावर लिहिलेलं होतं. एकोणिसाव्या दिवशी काय, हे त्यावर कुठेच नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संशोधन संपल्यावर सहभागी लोकांना त्याचा लाभ मिळण्याचा मुद्दा आहे. जगभरचे डॉक्टर ज्याला मानतात त्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही चाचणीनंतरची तरतूद आधीच करायला सांगितली आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. ज्या बाईच्या बोटांनी तुम्हाला तुमचं यंत्र चालतं हे दाखवून दिलं, तिला तुम्ही निष्कर्ष बिघडवणारी म्हणता. तिला दुसऱ्या टप्प्यात मोजू नका. तिच्या नावापुढे आकडा लिहू नका. पण तिला यंत्र वापरू द्या.

सरकारलाही यात वेगळं सांगायचं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. लकव्याचा रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी येतो. त्याचा खरा उपचार तिथून पुढे सुरू होतो आणि महिनोन्महिने चालतो, त्याला या योजनांत जागा नाही. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आमच्याकडे एका खेपेचे ५०० रुपये घेतात. ते वाजवी आहेत, मला रोज परवडत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे तिचं प्रमाणपत्र निघालं. साहित्यवाटपाच्या शिबिरात गेलो तर चाकाची खुर्ची, काठी, कानाचं यंत्र होतं. हातासाठी काही नव्हतं. मग माणसं कुठे जातात? कुणी सांगेल त्या गावाला, कुणी देईल ते तेल चोळायला, कबुतराच्या रक्ताने मालिश करायला. आमच्या गल्लीत लकवा झालेली चार माणसं आहेत, तिघांनी हे केलंय. त्यांना अडाणी म्हणण्याआधी त्यांच्यासाठी दुसरं दार कुठलं उघडं होतं ते सांगा.

देशात हे काम होत नाही असं नाही. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मिळून ‘प्लूटो’ नावाचं हाताच्या व्यायामाचं छोटं यंत्र बनवलं आहे, ज्यात धरायचा भाग बदलता येतो. आयआयटी दिल्लीत मनगट आणि बोटांसाठी काम झालं आहे. आयआयटी कानपूरमध्ये मेंदूच्या लहरींवर चालणारं यंत्र झालं आहे. बुद्धी आहे, पैसाही येतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या खोलीपर्यंत यातलं काही आलेलं नाही.

आमच्या मागण्या अशा :

१. ज्या रुग्णावर यंत्राची चाचणी झाली आणि ज्याला फायदा दिसला, त्याला चाचणीनंतर निदान एक वर्ष ते यंत्र किंवा तेवढ्याच तोडीचा उपचार मोफत मिळावा. त्याचा खर्च संशोधनाच्या मंजूर रकमेतच धरावा. तो धरला नसेल तर पैसा देणाऱ्या विभागाने प्रस्ताव परत पाठवावा.

२. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावं, वाचून दाखवावं, आणि शेवटच्या दिवसानंतर काय होणार हे त्यात पहिल्या पानावर असावं. निकाल लागला की तो रुग्णाला घरी येऊन सांगावा, चांगला असो वा वाईट. फोटो छापण्याआधी विचारावं.

३. लकवा झालेल्या माणसाला एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय, तीन मिनिटांत घालता-काढता येत नसेल तर त्या यंत्राला ‘घरगुती’ म्हणू नये.

४. आराखडा कागदावर यायच्या आधी विडी कामगार, माग कामगार, शिवणकाम करणाऱ्या बाया, शेतमजूर, ज्यांचा हात गेला आहे अशा माणसांना बोलावून, त्यांची मजुरी भरून देऊन, त्यांच्याकडून ऐकावं.

५. यंत्र उघडता यावं. सुटे भाग कुठले आणि ते कसे बसवायचे, याची चित्रं सोबत द्यावीत. आम्ही जॉबर लोक शिकायला तयार आहोत. मी स्वतः विनामोबदला शिकेन आणि जिल्ह्यातली यंत्रं दुरुस्त करीन.

६. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हाताच्या व्यायामाची एक खोली, दोन यंत्रं आणि पूर्ण वेळचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा, असावा. बाह्यरुग्ण म्हणून येणाऱ्यांचा हा उपचार सरकारी आरोग्य योजनांत बसवावा.

यातली पहिली मागणी उद्या पूर्ण करता येण्यासारखी आहे. त्यासाठी काही शोधावं लागत नाही. ती काळी पेटी कुठल्यातरी कपाटात आहेच.

तुमच्यापैकी कुणालाही आमच्याकडे येऊन बघायचं असेल तर जरूर या. वही दाखवीन, अठरा दिवसांच्या वेळा आणि बिघाड लिहिलेले आहेत. माझी पाळी संध्याकाळी सुटते, पण बायको दुपारीही घरी असते. दाराला कडी आतून उजव्या बाजूला आहे आणि ती डाव्या हाताने काढायला तिला वेळ लागतो. तेवढं थांबा, परत जाऊ नका.

कळावे,
एक यंत्रमाग जॉबर
पूर्व भाग, सोलापूर